रक्ताची दुसरी नळी

मूल तालुका, १४ नोव्हेंबर २०२४

अश्वजितला बाईचा जय भीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. मायच्या फोनवरून लावला, तर तिच्याशी दोन मिनिटं धानाच्या कापणीवर बोललास आणि माझा आवाज ऐकताच कापलास. तुझ्या भाऊजींना मोहर्लीहून लावायला सांगितलं, तर आता त्यांचाही फोन लागत नाही. बिचारे दिवसभर पर्यटकांना वाघ दाखवत जिप्सी फिरवतात आणि संध्याकाळी मेव्हण्याला शोधतात. एका पंधरवड्यात सख्खी बहीण आणि तिचा नवरा दोघांनाही ब्लॉक करणारा कलावंत साऱ्या झाडीपट्टीत दुसरा नसेल. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. बारावीनंतर मी कोणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुमचं नाटक आज या गावात तर उद्या त्या गावात, म्हणून वडस्याला कंपनीच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे.

आता मुद्द्याचं. सोळा ऑक्टोबरला चंद्रपूरला तू पहिल्यांदाच रक्त दिलंस. दहा दिवसांनी रक्तपेढीच्या बाईंचा फोन आला, तो स्पीकरवर होता आणि मी शेजारी पालक निवडत बसले होते. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, तुमची हेपॅटायटिस सीची चाचणी पॉझिटिव्ह आली. दोन, तुमचं रक्त आम्ही कोणाला देणार नाही. तीन, घाबरू नका, याच्यानंतर दुसरी तपासणी करायची असते, ती झाल्याशिवाय तुम्हाला आजार आहे की नाही हे सांगता येत नाही. तू पहिल्या दोन ऐकल्यास आणि तिसरीच्या वेळी उठून अंगणात गेलास.

ती तिसरी मी पुन्हा सांगते. गावाची आशा वर्कर आहे, मला पगार नाही मिळत पण एवढं कळतं. पहिल्या चाचणीत विषाणू दिसतच नाही. त्याच्याशी भांडायला तुझ्या रक्तानं जी तयारी केली, त्या अँटीबॉडी तेवढ्या दिसतात. म्हणजे तो कधीतरी येऊन गेला एवढं कळतं. आला आणि राहिला, की आला आणि शरीरानं हाकलून दिला, ते कळत नाही. चारांतल्या एखाद्याचं शरीर त्याला आपणहून हाकलतं. पण अँटीबॉडी जन्मभर राहतात. आज तो आहे की नाही हे बघायला रक्ताची दुसरी नळी द्यावी लागते. नसेल तर विषय संपला. असेल तर बारा आठवडे गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट, आणि बहुतेक सगळे बरे होतात. नाही बघितलं तर तो वीस-वीस वर्षं गप्प बसून लिव्हर खात राहतो आणि पोटात पाणी झाल्यावर कळतं. सगळा प्रश्न एका नळीचा आहे.

आणि तू काय केलंस? मायनं पोचूबुढ्याकडून कावीळ उतरवायची माळ आणली, ती डोक्यावरून घालून घेतलीस. काड्यांची माळ चार दिवसांत कपाळावरून छातीवर आली तेव्हा मला म्हणालास, "बाई, उतरली. आता कायची टेस्ट करतं?" बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला माणूस! विहारात वंदना तू सांगणार आणि गळ्यात माळ पोचूबुढ्याची. मी कपाळ बडवून घेतलं.

मग एवढ्याशा गोष्टीवरून बॅग उचलून निघालास. रागाच्या भरात रक्तपेढीची चिठ्ठीही गादीखाली टाकून गेलास. ती सोबत जोडली आहे. वडस्याहून गडचिरोली तुला काही लांब नाही. जिल्हा दवाखान्यात ही चिठ्ठी दाखव आणि रक्त दे.

माय विचारते, सर्दी गेली का.

तुझी बाई,
रिना

मूल तालुका, २७ नोव्हेंबर

अश्वजित,

तेरा दिवस झाले. मायजवळ फोनवर म्हणालास म्हणे, "पत्र भेटलं, आता वेळ नाई." म्हणजे वाचलंस. चिठ्ठीचं काय केलंस ते मात्र बोलला नाहीस. तुझ्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तुला वेळ नसेल, मला कुठे आहे? धान बांधीत कापून पडलं आहे, मजूर मिळत नाहीत, त्यात कुष्ठरोगाचा सर्व्हे आला. रोज पंचवीस घरं. प्रत्येक घरी मी सांगते, लपवू नका, वेळेवर तपासा, लाजायचं काही नाही. लोक माना हलवतात. परवा शकुबाई मला म्हणाली, "रिनाबाई, तुह्या भावाचं काई तरी ऐकलं, तो कुठी गेला?" मी म्हटलं सीझन सुरू झाला, नाटकात गेला. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माझी गत करून ठेवलीस तू.

माळेचा निकाल लावला, तो ऐक. मीही पोचूबुढ्याकडे गेले आणि तशीच एक माळ करून घेतली. कोणासाठी म्हणाला, तर सांगितलं घरात एक जण आहे. आणून पाण्याच्या रांजणाच्या गळ्यात घातली. ओल्या काड्या असतात त्या, वाळल्या की आक्रसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात आणि माळ लांबते. पाचव्या दिवशी रांजणाच्या पोटावरून खाली सरकून जमिनीवर पडली. मी मायला हात धरून नेऊन दाखवली. म्हटलं, "पाय, रांजणाची कावीळ उतरली." माय शांतपणे म्हणाली, "मंग रांजनालेबी असन थोडी." आता सांग, मी कुठे डोकं आपटू?

आणि एक गोष्ट आहे, ती नीट वाच. हा आजार रक्तातून रक्तात जातो, दुसरीकडून सहसा नाही. तुमच्या कंपनीत नाटकाआधी सगळ्या पुरुषांची दाढी एकाच वस्तऱ्यानं होते, हे तूच हसत हसत सांगितलं होतंस. खलनायकाची झाली की राजाची आणि राजाची झाली की तुझी, म्हणजे विनोदी नटाची. ते बंद कर. तुझं पातं तुझ्याकडे, दुसऱ्याचं दुसऱ्याकडे. ब्रश वेगळा, नेलकटर वेगळं. जखम झाली तर झाकून ठेव. बाकी सोबत जेवणं, एका ताटात खाणं, एका ग्लासनं पाणी पिणं, हात धरणं, लेकराला कडेवर घेणं, यानं काही होत नाही. काहीही होत नाही. हे मला चांगलं ठाऊक आहे.

पॉझिटिव्ह आलं म्हणजे तू गुन्हा केलास असं नाही. दुसरी तपासणी केली नाहीस तर मात्र गुन्हा आहे, स्वतःचा आणि मायचा.

श्रावस्तीनं तुझ्यासाठी चित्र काढलं आहे, मामा नाचताना. मिशी फार मोठी झाली आहे. पाकिटात घातलं आहे.

रिना

मूल तालुका, १० डिसेंबर

अश्वजित,

काल दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मला वाटलं तूच असशील, दुसऱ्याच्या फोनवरून. तर "रिनाबाई बोलता का? मी वडस्याहून गुणवंतराव, तुमचा भाऊ ज्या कंपनीत हाये तिचा मालक."

मी विचारलं, "अश्वजित बरा आहे ना?"

"बरा हाये. तुमी कश्या हा ते सांगा. बाई, असं कागदावर लिवून कोनी पाठवते का? आमच्या ऑफिसात आलेलं सगळं पाकीट फुटते. सुपारीचे कागद अस्तेत ना. तुमी वरतं कंपनीचं नाव लिवलं हे मोठं, अन् भावाचं नाव खाली बारीक. आमच्या दिवाणजीनं फोडलं अन् नेहमीसारखं मोठ्यानं वाचाले लागला. गाव कोनतं, तारीख कोनती, नाटक कोनतं पाह्यजे, ते शोधत होता. पॉझिटिव्हवर आल्यावर थांबला. तवापर्यंत दहा जन आयकून राह्यले होते."

पहिलं पत्र आलं तेव्हा तू ऑफिसातच होतास, म्हणून ते तुझ्या हातात पडलं. दुसऱ्या वेळी तू बाहेरगावी. गावोगावची माणसं नाटक ठरवायला पत्रं पाठवतात आणि तुमच्याकडे ती सगळ्यांसमोर वाचतात, हे मला कसं कळणार? पण मी विचारायला हवं होतं. कंपनीचं नाव मोठं लिहिलं ते पाकीट हरवू नये म्हणून. आशा वर्करच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात, रुग्णाची गोष्ट रुग्णाच्या परवानगीशिवाय कोणापुढे बोलायची नाही. आणि मी ती दिवाणजीच्या हातात दिली. मला माफ कर. हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही.

मी गुणवंतरावांना म्हटलं, त्याला काढू नका. तर ते रागावले. "काढाले काय झालं? त्याच्यावर तर नाटक चालते. मी त्याले यकच गोष्ट इचारली. संग जेवलं त चालते का? तो म्हने, चालते. मंग चाल म्हनलं, जेवू. जेवलो. मंगळवारी नाटक नव्हतं, गाडी काढली, गडचिरोलीले नेलं अन् रक्त देऊन आनलं. पंधरा-वीस दिवस लागते म्हने रिपोर्टाले. अन् तुमचं वस्तऱ्याचं बरोबर हाये. सगळ्याइले आपापलं पातं आनाले लावलं. पन आता तुमी लिवू नका, बाई."

मी फोन ठेवला आणि तिथेच पायरीवर बसले. रक्त दिलंस म्हणून हायसं वाटलं, आणि दुसऱ्या क्षणी इतकी लाज वाटली की काय सांगू. सहावी शिकलेल्या त्या माणसानं एक प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि तुझ्यासोबत जेवायला बसला. आणि मी?

अश्वजित, मी दोन पत्रांत 'एवढ्याशा गोष्टीवरून' असं लिहिलं, म्हणजे पहिल्यात लिहिलं आणि दुसऱ्यात टाळलं. ती गोष्ट एवढीशी नव्हती. रक्तपेढीचा फोन आला त्या संध्याकाळी मी तुझ्या ताटाच्या आणि ग्लासाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. कोणाला दिसणार नाही असा, अगदी बारीक. दुसऱ्या ताटांत मिसळू नये म्हणून. त्याच रात्री श्रावस्ती तुझ्या ताटातला भात खायला आली तर तिला मी ओढून घेतलं, अभ्यास कर म्हणून. आठ दिवस तू ठिपक्याच्या ताटात जेवलास. नवव्या दिवशी माय शेतात होती म्हणून तू भांडी घासायला बसलास आणि ताट पालथं झालं.

ताट धुतलंस, पुसलंस, जागेवर ठेवलंस आणि बॅग भरलीस.

मला माहीत होतं जेवणातून लागत नाही. प्रशिक्षणात तक्ता मीच भिंतीवर चिकटवला होता. तरी हात गेला. लेकराची भीती वाटली, हे खरं आहे, पण ते कारण म्हणून सांगत नाही. आपले आजोबा मूलच्या बाजारात जायचे तेव्हा हॉटेलच्या बाहेर भिंतीच्या खोबणीत कान तुटलेला कप ठेवलेला असायचा, आपल्या लोकांसाठी. स्वतः काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, धुऊन परत ठेवायचा. ही गोष्ट ते सांगायचे तेव्हा तू त्यांच्या मांडीवर असायचास आणि मी रागानं रडायचे. तीच मी. आपल्या घरात, आपल्या हातानं, तुझ्यासाठी.

नेलपॉलिश खरडून काढलं आहे. पण त्यानं काय होतं? तू नंबर ब्लॉक केलास ते बरोबर केलंस.

ता.क. गुणवंतराव सांगत होते, गडचिरोलीच्या मॅडमनी विचारलं की लहानपणी कोणी सुया टोचल्या होत्या का, आणि तुला काही आठवेना. तू तेव्हा चार-पाच वर्षांचा. मला आठवतं. इसरू डॉक्टर, सायकलवर यायचा. पुढच्या खेपेला मॅडमना सांग.

रिना

मूल तालुका, २९ डिसेंबर

अश्वजित,

तुझं उत्तर मिळालं. नाटकाच्या हँडबिलाच्या पाठीमागे दोन ओळी: "रिपोर्ट आला. विषाणू सापडला नाई. आतातरी चूप बस." पुढच्या बाजूला तुझा फोटो, डोळे वाकडे केलेला. मी तो कागद हातात धरून आधी रडले, मग फोटो बघून हसले, मग पुन्हा चिडले. एवढी मोठी बातमी आणि दोन ओळी! रिपोर्टवरचे शब्द जसेच्या तसे लिहून पाठवायला काय झालं होतं?

मायला सांगितलं. माय म्हणाली, "मी काय म्हनत होती? माळेनं उतरली." मी हात टेकले. आता हे गावभर होणार आणि पोचूबुढ्याकडे रांग लागणार. रांजणाचं उदाहरण दिलं तर म्हणते, "तुह्या रांजनाचं काय सांगतं, त्याची टेस्ट केली का तू?"

तर चूप बसण्याआधी एवढं वाच. विषाणू सापडला नाही म्हणजे आज तुझ्या रक्तात तो नाही. तुला गोळ्यांची गरज नाही आणि तुझ्यापासून कोणाला धोका नाही. कधीही नव्हता, असंच मी धरते. पण पहिली चाचणी पुन्हा केव्हाही केली तर ती पॉझिटिव्हच येईल, तेव्हा घाबरून पुन्हा घर सोडू नकोस. हा रिपोर्ट लॅमिनेट करून ठेव. रक्तदान आता करता येणार नाही. यापुढे दर जयंतीला पहिला नंबर लावणार म्हणत होतास तू, त्याचं वाईट वाटेल, मला माहीत आहे. दुसऱ्यांना घेऊन जा. आणि हा विषाणू एकदा गेला म्हणून परत येत नाही असं नाही, वस्तऱ्याचं लक्षात ठेव.

संक्रांतीच्या आसपास मंडईच्या जत्रेतली नाटकं आपल्या तालुक्यात असतात. येशील का घरी, असं विचारत नाही. माय वाट बघते एवढंच लिहिते.

मी मध्ये दोनदा चंद्रपूरला जाऊन आले. कामं होती. थकले आहे, म्हणून आज लवकर संपवते.

रिना

मूल तालुका, १९ जानेवारी २०२५

अश्वजित,

हे पाकीट गुणवंतरावांच्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. वर फक्त तुझं नाव आहे आणि 'खाजगी' असं तीनदा लिहिलं आहे.

तू संक्रांतीला आलास. मायसाठी साडी दिलीस, श्रावस्तीला खांद्यावर घेऊन गावभर फिरलास, माझ्याशी "बरी हायेस ना?" एवढं बोललास आणि उत्तराची वाट न पाहता गाडीत बसलास. मी बरी आहे म्हणाले. ते खोटं होतं.

इसरू डॉक्टरची गोष्ट तुला मी अर्धीच सांगितली. डॉक्टर कसला, औषधाच्या दुकानात पुड्या बांधणारा माणूस. त्याच्याकडे काचेची एक सिरिंज आणि एक सुई. सकाळी एकदा गरम पाण्यातून काढायचा आणि मग दिवसभर गावोगाव. आपल्याला ताप आला की माय त्याला बोलवायची, इंजेक्शनशिवाय ताप उतरत नाही असं सगळ्यांचंच मत होतं. तू सुई बघूनच गोंधळ घालायचास. म्हणून मी पुढे व्हायचे. मला ताप नसला तरी. "पाय, काई होत नाई," म्हणून बाही वर करायचे, त्याला म्हणायचे आधी मला टोच. तो टोचायचा, जीवनसत्त्व म्हणून. मी हसून दाखवायचे. मग त्याच सुईनं तुला.

गडचिरोलीच्या मॅडमचा प्रश्न गुणवंतरावांनी सांगितला, तेव्हा ते सगळं डोळ्यांपुढे आलं. तीन दिवस मी स्वतःला समजावलं की काही नाही. जी दुसऱ्यांना महिनाभर समजावत होती, तिला स्वतःला समजावायला तीन दिवस लागले. १३ डिसेंबरला मूलच्या दवाखान्यात गेले. आपल्या ओळखीची सिस्टर नव्हती तो दिवस निवडून गेले, हेही लिहिते. बोटातून थेंब घेतला. वीस मिनिटांत पॉझिटिव्ह.

मला वाटलं, चला, अश्वजितसारखंच. येऊन गेला असेल. दुसरी नळी चंद्रपूरला दिली. तुझा रिपोर्ट आला त्या दिवशी मी आनंदानं रडले असं तुला लिहिलं, त्यात अर्धं रडणं माझ्यासाठीचं होतं, कारण माझा अजून यायचा होता. तो सहा जानेवारीला आला.

माझ्यात आहे.

विषाणूचा आकडा लिहिला आहे, त्यात शून्यं खूप आहेत. चंद्रपूरच्या मॅडम म्हणाल्या आकड्याला घाबरू नका, लिव्हर अजून चांगलं आहे, बारा आठवडे गोळ्या, मग आणखी बारा आठवडे थांबून पुन्हा तपासणी, बरं होतं. मी त्यांच्यापुढे मान हलवत होते. मी सांगते तेव्हा गावातल्या बाया जशी हलवतात, अगदी तशी. एक शब्द आत गेला नाही. तुझ्यासारखीच मी तिसऱ्या वाक्याला उठून गेले होते, फक्त खुर्चीवर बसून. तुला महिनाभर जे काही बोलले, ते सगळं मागे घेते.

मी मॅडमना विचारलं, माझ्याकडून भावाला गेला का? म्हणाल्या, ते कोणी सांगू शकत नाही. तुमच्या आधी ती सुई किती जणांना टोचली, तेही कोणाला माहीत नाही, आणि सुईनंच झालं हेही नक्की नाही. तुम्ही तेव्हा लेकरू होतात. बरोबर आहे. पण मला घरी येईपर्यंत एसटीत एकच दिसत होतं, माझी वर केलेली बाही. पंचवीस वर्षं तो माझ्या रक्तात बसून आहे, तुझ्या अंगानं त्याला कधीच बाहेर काढला, आणि ताटाला ठिपका लावला मी.

घरात कोणाला सांगितलेलं नाही. तेरा दिवस मी शेवटी जेवते. दाढ दुखते, हळू खाते, असं सांगते. यातून काही लागत नाही हे मला माहीत आहे, तुला लिहूनही कळवलं आहे, तरी श्रावस्ती जवळ आली की मी अंग चोरते. काल तिनं विचारलं, "मम्मी, तू माझ्यावर रागावलीस का?" तेव्हा मला कळलं की हे असं चालणार नाही. तुझ्या भाऊजींना सांगायचं आहे, आणि मला त्यांच्यासमोर तोंड उघडता येत नाही. ते चांगले आहेत. पण तू मला चांगली समजत होतास, आणि मी काय केलं ते आपण पाहिलं. श्रावस्तीचंही रक्त तपासायचं आहे, आईकडून जन्मताना जाऊ शकतो. शक्यता कमी आहे असं मॅडम म्हणाल्या. मी तो 'कमी' शब्द धरून बसले आहे. मायला सांगितलं तर ती माळ घेऊन येईल, आणि खरं सांगते, आणली तर मी घालून घेईन इतकी घाबरले आहे.

गोळ्या बुधवारी, २९ तारखेला, चंद्रपूरला सुरू होणार. श्रावस्तीचं रक्तही त्याच दिवशी. भाऊजींना मी आदल्या संध्याकाळी सांगायचं ठरवलं आहे, आणि तेव्हा तू घरात असावंस असं मला वाटतं. तुझा सीझन भरात आहे, २८ आणि २९ ला नाटकं लागली असतील, विनोदी नटाशिवाय नाटक होत नाही, सगळं मला कळतं. गुणवंतरावांना मी फोन केलेला नाही. या वेळी तुझी गोष्ट तुझ्या पाठीमागे कोणाशी बोलणार नाही. तू सांग किंवा नको सांगूस.

चंद्रपूरच्या सिस्टरनं कागद भरून घेतला. नाव, वय, गाव, वजन. मग म्हणाली, पहिल्या दिवशी सोबत घरचं माणूस आणा, गोळ्यांचं त्यांनाही समजावून सांगतो, तुमच्यापेक्षा ते लक्षात ठेवतात. 'सोबत येणारे' असा रकाना होता. मी तुझं नाव सांगितलं. नातं विचारलं, भाऊ म्हटलं. फोन नंबर तुझा दिला. ती म्हणाली, "नक्की येतीन ना? नाई तर दुसरं कोनाचं लिवते."

मी म्हटलं, "त्याचंच लिहा."

रिना